खड्डा, चर, बांध आणि भरती: श्रमदानाविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही टेकड्या, नाले, किनारे आणि माळ यांवरच्या सामूहिक श्रमदानाबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतला बहुतेकांचा गोंधळ मेहनतीत नाही, कॅलेंडरात आहे. रविवार आधी ठरतो आणि काम त्यात कोंबलं जातं. खालची उत्तरं वाचताना प्रत्येक कामाच्या महिन्याकडे आधी लक्ष द्या.

आमच्या गटाने गेल्या वर्षी जुलैत गावाजवळच्या मुरमाड टेकडीवर ३०० रोपे लावली. मे संपेपर्यंत जेमतेम ४० उरली. यंदा ५०० लावायचा विचार आहे. काय चुकले? (सासवड)

५०० लावू नका. १०० लावा.

आधी पाण्याचा हिशेब करा. मुरमाड टेकडीवर एका रोपाला आठवड्याला १० लिटर पाणी लागते. १०० रोपांना १,००० लिटर म्हणजे २० लिटरचे ५० कॅन, तेही चढावर. दहा माणसे आली तर प्रत्येकी पाच खेपा. हे नोव्हेंबरपासून दर आठवड्याला आणि मार्च ते मेमध्ये आठवड्यातून दोनदा करायचे आहे, आणि सलग तीन उन्हाळे करायचे आहे. ५०० रोपांना हे जमणार आहे का, ते खड्डा खणण्याआधी विचारा. तुमची २६० रोपे बहुधा जुलैत नव्हे, मार्चमध्ये मेली असणार.

आता खड्डे. एप्रिल-मेमध्ये खणून ठेवा, म्हणजे त्यांना ऊन लागते आणि पहिल्या पावसात कडा मऊ होतात. माती असेल तिथे दीड फूट लांब, रुंद, खोल पुरतो. मुरमात दोन फूट हवाच, कारण कठीण मुरमात छोटा खड्डा कुंडीसारखा वागतो आणि मुळे आतल्या आत गोल फिरत राहतात. वरची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला काढा. भरताना वरची माती, घमेलेभर पूर्ण कुजलेले शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड एकत्र करा. शेणखत अर्धवट कुजलेले असेल तर वाळवीला आमंत्रण मिळते. उरलेला मुरूम आळ्याच्या बांधाला वापरा.

रोपे उंचीवरून निवडू नका, बुंध्यावरून निवडा. तीन-चार फुटी आणि करंगळीएवढ्या जाडीचे रोप हवे. पिशवीच्या तळातून मुळाचा झुबका बाहेर आलेला असेल तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलेले असते. ते घ्यावेच लागले तर गोल फिरलेली मुळे ब्लेडने कापून मगच लावा. काळी पिशवी पूर्ण काढा. घाईच्या श्रमदानात तळाला चीर देऊन पिशवीसकट रोप खड्ड्यात जाते आणि दोन वर्षांनी उपटून पाहावे तर मुळे पिशवीच्या आकारातच असतात. पिशव्या परत मोजून घ्या. १०० रोपे लावली तर १०० पिशव्या पोत्यात दिसल्या पाहिजेत.

पहिल्या सरीला लावू नका. हाताने उकरल्यावर जमीन फूटभर ओली लागली की लावा. त्या भागात हे बहुधा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात होते. रोप पिशवीत जितके मातीत होते तितकेच खड्ड्यात राहावे, खोड पुरले की कुजते. उतारावर आळे पूर्ण गोल करू नका. खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखा बांध घाला, म्हणजे वरून वाहणारे पाणी त्यात थांबते. वर चार बोटे जाडीचे वाळले गवत किंवा पाला पसरा, मात्र खोडापासून वीतभर लांब.

शेवटची गोष्ट वणव्याची. ऑक्टोबर संपला की टेकडीवरचे गवत वाळते आणि एका काडीने तीन वर्षांची मेहनत जाते. डिसेंबरपर्यंत प्रत्येक रोपाभोवती तीन फुटांत गवत काढा आणि सगळ्या प्लॉटभोवती दहा फूट रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत नसलेला पट्टा, मोकळी करा. रोपे लावण्याचा रविवार चुकला तरी चालेल, जाळरेषेचा नको.

लावायचे काय? बहावा, शिवण, पळस, करंज, आवळा, खैर, कांचन आणि ओलाव्याच्या जागी उंबर. गिरिपुष्प आणि सुबाभूळ सहज जगतात म्हणून फुकट वाटले जातात. घेऊ नका. आणि टेकडी कुणाची, हे आधी पाहा. वनखात्याची असेल तर वन परिक्षेत्र अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, लावायलाही आणि खणायलाही.

आम्ही १२० जणांनी दोन रविवार खपून डोंगरउतारावर सलग समतल चर काढले. पहिल्याच मोठ्या पावसात तीन ठिकाणी फुटले आणि खाली घळ पडली. चर खोल कमी पडले का? (माण)

खोलीचा संबंध नाही. चर समतल नव्हता. नजरेला सरळ वाटणारी रेघ डोंगरावर समतल नसते. एका टोकाला वीतभर उतार राहिला तरी चराचे सगळे पाणी त्या टोकाला धावते, तिथून भराव फोडते, आणि मग चर पाणी अडवत नाही, गोळा करून एकाच जागी सोडतो. चर नसता तर घळही पडली नसती.

आखणी ए फ्रेमने करा. २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेतल्या गावांमध्ये हजारो लोक हीच वापरायला शिकले. ती बनवायला अर्धा तास पुरतो. सारख्या लांबीचे दोन बांबू घ्या, प्रत्येकी सुमारे सहा-साडेसहा फूट. वरची टोके एकावर एक ठेवून बोल्टने किंवा घट्ट सुतळीने बांधा आणि खालचे पाय पाच-सहा फूट फाकवा. कमरेच्या उंचीवर एक आडवी काठी दोन्ही पायांना बांधा. शेंड्याच्या गाठीपासून दोरी सोडून खाली दगड किंवा पाण्याने भरलेली छोटी बाटली लटकवा. दोरी आडव्या काठीच्या पुढून, तिला जेमतेम लागेल अशी जायला हवी.

यानंतरची पायरी लोक गाळतात, आणि चर फुटतात ते इथेच. आडव्या काठीचा मध्य टेपने मोजून काढू नका. बांबू कधीच सारखे नसतात. जमिनीवर दोन खुंट्या ठोका, थोड्या वरखाली असल्या तरी चालेल. डावा पाय पहिल्या खुंटीवर, उजवा दुसऱ्यावर ठेवा. ओळंबा स्थिर झाला की दोरी काठीवर जिथे येते तिथे खूण करा. आता फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, खुंट्या त्याच. दुसरी खूण करा. या दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे तुमच्या फ्रेमचा शून्य. तिथे ब्लेडने खाच पाडा. एखादा बांबू बदलला किंवा गाठ सैल झाली की हे पुन्हा करा. सकाळी काम सुरू करताना रोज एकदा करावेच.

आखताना एक पाय जागेवर ठेवा आणि दुसरा उतारावर वरखाली सरकवून दोरी खाचेवर आणा. तिथे फक्कीची चिमूट टाका आणि त्या पायावर फ्रेम फिरवून पुढे जा. पाय मऊ मातीत रुततो, म्हणून खाली चपटा दगड ठेवा. वारा असेल तर दोरी झुलत राहते. अशा वेळी अंदाजाने खूण करू नका, सकाळी सातच्या आत आखणी उरका. चुका साठत जातात, म्हणून दर दहा-बारा खुणांनी गवंड्याच्या लेव्हल पाइपने ताळा घ्या. पाइपात बुडबुडा अडकला असेल तर लेव्हल खोटी दाखवते. पाणी भरल्यावर पाइप उचलून टिचक्या मारा.

खोदाई नेहमी माथ्याकडून पायथ्याकडे. खालचे चर आधी काढले तर वरचे सगळे पाणी त्यांच्यावर येते. चर दोन फूट रुंद, एक फूट खोल. माती उताराच्या खालच्या बाजूला टाका, पण चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून, नाहीतर पहिल्या पावसात तीच माती परत चरात येते. दर ३०-४० फुटांवर दीड फुटाचा भाग न खणता आड म्हणून राहू द्या. आखणीत थोडी चूक राहिली तरी आडामुळे सगळे पाणी एका टोकाला जात नाही. मूळ ओघळीत चर खणू नका, तिथे अनघड दगडांचा बांध घालतात. भरावावर पहिल्याच पावसात मारवेलसारखे गवत लावा.

आता तुमच्या १२० जणांकडून अपेक्षा किती ठेवायची? एक मीटर चर म्हणजे १८० लिटर मुरूम. नवखा माणूस दोन तासांत एक मीटरच्या पुढे जात नाही आणि त्याने जाऊही नये, कारण हाताला फोड आलेला माणूस पुढच्या आठवड्यात येत नाही. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खणलेत तर निम्म्या श्रमात होते, मेमध्ये त्याच मुरमाला पहार लागते.

सध्याच्या फुटलेल्या चरांना फुटक्या जागी नुसती माती लोटू नका. ए फ्रेम लावून पाहा, उतार कळला की दर २० फुटांवर दगड-मातीचे आड घालून त्या चराचे तुकडे करा. घळीत वरून खाली छोटे दगडी बांध घाला.

एक कंपनी आमच्या गावच्या उजाड माळावर २,००० झाडे लावून द्यायला तयार आहे. माळ तसाही पडीकच आहे. होकार द्यावा का? (करमाळा)

नको, निदान माळावर नको. माळ पडीक नसतो. पठारावरचा गवताळ माळ स्वतःच एक जुना अधिवास आहे. धाविक, चंडोल, खोकड, लांडगा आणि चिंकारा या सगळ्यांना मोकळी नजर लागते. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. तिथे झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीची जागा मिळते आणि धाविक निघून जातो. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झाले ते अशाच माळावर. मेंढपाळांचा चारा जातो ते वेगळेच.

कातळसड्याचे, म्हणजे उघड्या खडकाच्या पठाराचेही तेच. कासच्या पठारावर झाडे नाहीत म्हणूनच ती फुले आहेत. दोन इंच मातीत खड्डा खणला की त्या जागेचे गवत आणि कंद कायमचे जातात.

कंपनीला दुसरे काम द्या. गावठाणात, शाळेत, ओढ्याच्या काठी आणि रस्त्याकडेला ३०० झाडे तीन वर्षांच्या पाण्याच्या खर्चासकट लावून घ्या. माळावर करायचे असेल तर आधीच्या लागवडीतून पसरलेली सुबाभळीची रोपटी उपटा, कचरा टाकणे थांबवा आणि गवत बी झडल्यावर, म्हणजे नोव्हेंबरनंतरच कापू द्या. यात फोटो फारसे चांगले येत नाहीत, हे कंपनीला आधीच सांगितलेले बरे.

नाल्यावर वनराई बंधारा घातला. दोन दिवसांत तळातून गळून रिकामा झाला. गोण्या ४०० होत्या. (वाचक, आंबेगाव)

गोण्या पुरेशा होत्या. बंधारा वाळूवर बसला असणार. नाल्याच्या तळाची सैल वाळू आणि गोटे उपसून घट्ट थर लागेपर्यंत आडवी खाच काढायला हवी, निदान फूटभर. दोन्ही काठांतही तेवढीच खाच. काठात न रुतवलेला बंधारा कडेने फुटतो, तळ न उपसलेला खालून गळतो.

पद्धत अशी: सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पाऊण भरायच्या, गच्च नाही. गच्च गोणी गोल राहते, तिच्याशेजारी फट पडते. पाऊण भरलेली गोणी दाबली की चपटी होऊन शेजारणीला चिकटते. दाभणाने तोंड शिवा, नुसती गाठ मारली तर माती सांडते. तिचे वजन चाळीसेक किलो होते, म्हणून ती भरायची जागा बंधाऱ्यापासून लांब ठेवू नका. पण माती बंधाऱ्याच्या अगदी पायथ्याची किंवा काठाचीही खणू नका. प्रवाहाला आडव्या दोन भिंती रचा. विटांच्या बांधकामासारखे वरच्या थराचे सांधे खालच्यावर येऊ देऊ नका. दोन भिंतींमधल्या पोकळीत काळी चिकण माती ओलवून पायांनी तुडवत भरा. पाणी अडवते ती हीच माती. गोण्या तिला फक्त धरून ठेवतात. तळाची रुंदी उंचीच्या दुप्पट ठेवा, उंची एक मीटरच्या वर नेऊ नका आणि मध्यभाग कडांपेक्षा वीतभर खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी काठ न कापता मधून सांडेल. ते पडते तिथे मोठे दगड टाका.

दहा मीटर रुंदीला ३०० ते ४०० गोण्या आणि ३५-४० माणसांचा एक दिवस लागतो. मुहूर्त पाऊस थांबून प्रवाह बारीक झाल्यावरचा, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. डिसेंबरमध्ये घातलेल्या बंधाऱ्याला अडवायला पाणीच नसते.

यंदाचा बंधारा वाचवायचा असेल तर पाण्याच्या बाजूने जाड प्लॅस्टिकचा कागद तळापासून वरपर्यंत अंथरा आणि त्याची खालची कड खाच खणून मातीत दाबा.

आणि मेच्या अखेरीस गोण्या काढून घ्या. हे कोणी करत नाही. उन्हाने त्यांचा चुरा होतो आणि पहिल्या पुरात प्लॅस्टिकचे धागे मैलभर झाडाझुडपांना लटकतात. पर्यावरणासाठी घातलेला बंधारा आणि त्याचाच कचरा, असे व्हायला नको.

किनारा सफाईची वेळ कशी ठरवावी? मागच्या वेळी सकाळी साडेसातला ८० मुले जमली आणि समुद्र पार केवड्याच्या बनाला टेकला होता. (गुहागर)

त्या दिवशी दशमी असणार. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वितीयेला दीड. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना चालतो. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे सकाळी काम करायचे असेल तर द्वितीया ते चतुर्थीच्या आसपासचा रविवार पाहा. तेव्हा ओहोटी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते आणि उधाणाची भरती नुकतीच होऊन गेल्याने पाणी लांबवर ओसरते. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी सुरू करा, पाणी वळले की थांबा. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यावर ताळा घ्यावा.

वेळेच्याही आधी ठरवायचे ते कचऱ्याचे पुढे काय. ग्रामपंचायतीची गाडी कधी येणार आणि काय घेणार, हे लेखी ठरले नसेल तर सफाई करू नका. वाळूच्या वर रचलेल्या साठ पोत्यांतला कचरा पुढच्या उधाणाला परत समुद्रात जातो, आता पोत्यांसकट. वर्गवारी किनाऱ्यावरच, लोक पांगण्याआधी करा: बाटल्या, चपला-थर्माकोल, जाळी-दोर, काच, आणि वेफर्सच्या चकचकीत पिशव्या. शेवटच्या प्रकाराला भंगारवाला हात लावत नाही. सुया आणि औषधाच्या कुप्या मुलांनी उचलायच्या नाहीत. त्यांच्यासाठी एक जाड प्लॅस्टिकचा डबा आणि एक मोठा माणूस वेगळा ठेवा.

वाळूत रुतलेले जाळे ओढू नका, पाठीत उसण भरते आणि जाळे तुटून निम्मे आत राहते. कडेने फावड्याने वाळू मोकळी करा, सुरीने तुकडे कापा, मग चौघांनी उचला. भरतीरेषेच्या वरची मर्यादवेल कचरा समजून उपटली जाते. ती वाळू धरून ठेवते, तिला हात लावू नका.

नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि पिल्ले त्यानंतर सुमारे दोन महिन्यांपर्यंत बाहेर पडतात. या काळात जेसीबी, ट्रॅक्टर किंवा दाताळे वाळूवर फिरवू नका, फक्त हाताने वेचा. समुद्राकडून वर येऊन परत गेलेला, ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला तर तो न तुडवता कासवमित्रांना किंवा वनखात्याला कळवा.

वर्षातून एकदा सप्टेंबरमध्ये केलेली सफाई दिसायला मोठी असते. पण वर्सोव्याला अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलेले काम दर आठवड्याला चालू राहिले, आणि मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर कासवाची पिल्ले दिसली. ८० मुले एकदा येण्यापेक्षा दर पंधरवड्याला १५ आली तर जास्त कचरा निघतो.

घाणेरी कितीही तोडली तरी दुप्पट फुटते. (मुळशी)

तोडल्यामुळेच फुटते. खोड जमिनीलगत जिथे जाड होते, फुटवे तिथून येतात. कुदळीने बाजूची माती मोकळी करा, जमिनीखाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ तोडा आणि सगळे झुडूप उलटे करून मुळे वर ठेवा. मुळाला माती लागली नाही की ते वाळते. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर माती मऊ असताना आणि फळे पिकायच्या आत करा. फळे पिकली की बुलबुल त्यांचे बी रानभर पसरवतात.

एका वेळी एकराचा सफाचट करू नका. घाणेरीच्या जाळीत सशांना आणि पक्ष्यांना आडोसा असतो, आणि उघड्या उतारावरची माती त्याच पावसात वाहते. पट्ट्यापट्ट्यांनी काढा आणि मोकळ्या पट्ट्यात लगेच स्थानिक गवताचे बी टाका. पुढची दोन-तीन वर्षे जुलैत फिरून बोटभर रोपे हाताने उपटावी लागतात. हे लहान मुलांनाही जमते.

गाजरगवताबद्दलही दोघांनी विचारले आहे. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदले गेले ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. फुलायच्या आत, मुळासकट, ओल्या जमिनीतून उपटा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे आणि नाकाला फडके हवेच. दमेकरी आणि ज्यांना एकदा त्याची खाज उठली आहे, त्यांनी लांब राहावे, ही ॲलर्जी दर वेळी वाढते. फुलण्याआधीचे कंपोस्टला चालते, फुललेले नाही. उपटलेल्या जागी टाकळ्याचे बी फेका, तो दाट वाढून त्याला दाबतो. पानांवर काळ्या पट्ट्यांचे पिवळट भुंगे दिसले तर ते झाड उपटू नका. झायगोग्रामा नावाचे ते भुंगे मेक्सिकोहून खास हे गवत खायला आणलेले आहेत.

शाळेतून बीजगोळे करून घाटात टाकायचे आहेत. प्रमाण काय? (संगमनेर)

तीन भाग चाळलेली माती, एक भाग गांडूळखत, लिंबाएवढा गोळा, आत एक-दोन बिया, सावलीत दोन दिवस वाळवायचे. मुलांना मजा येते, बी हाताळून कळते, म्हणून करा. जंगल उभे राहील अशी आशा धरू नका. उघड्या खडकावर पडलेला गोळा फुटतो, कोंब येतो आणि ऑक्टोबरात वाळतो. बहाव्यासारख्या टणक बिया तर पॉलिश पेपरवर घासून रात्रभर भिजवल्याशिवाय उगवतच नाहीत. चालत्या बसमधून फेकण्यापेक्षा ओलाव्याच्या जागा शोधून, काठीने बोटभर भोक पाडून त्यात टाका. गुलमोहर, सुबाभूळ, रेन ट्री यांच्या बिया वापरू नका.

नदीतली जलपर्णी काढण्यासाठी २०० स्वयंसेवक मिळतील. पुरतील का? (पिंपरी)

नदी गावाच्या खाली वाहत असेल आणि सांडपाणी येत असेल तर २,००० ही पुरणार नाहीत. दाट जलपर्णी एका चौरस मीटरला २५-३० किलो भरते, त्यातले ९० टक्क्यांहून अधिक पाणी. अनुकूल हवेत तिचे क्षेत्र दोन आठवड्यांत दुप्पट होते. शिवाय त्या पाण्यात पायाला चीर असलेल्या माणसाला उतरवणे म्हणजे लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा धोका. श्रमदान छोट्या तळ्यात आणि फेब्रुवारीत, ती पसरायच्या आत करा. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कोणी उतरू नये, काठावरून दोरीला बांधलेला गळ किंवा दाताळे वापरा. काढलेली जलपर्णी काठावर ढीग करून ठेवली की पावसाबरोबर परत आत जाते. पन्नास फूट लांब न्या, चार दिवस वाळू द्या, मग खत करा. पण ज्या गटारातून तिचे अन्न येते, त्याचा फोटो, जागा आणि तारीख घेऊन महापालिकेकडे अर्ज देणारे पाच जण त्या २०० मधून वेगळे काढा.

पक्षिगणनेत नवखे चालतात का? (नांदेड)

चालतात. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक गणनाही असते. एका जागी निदान १५ मिनिटे, दिसलेला प्रत्येक ओळखलेला पक्षी लिहायचा, फक्त दुर्मीळ नव्हे. कावळे-साळुंक्या गाळलेली यादी अभ्यासाला निरुपयोगी ठरते. थव्यात दहा पक्षी मोजा, ते केवढी जागा घेतात ते पाहा आणि तेवढे तुकडे मोजा. एकाने दुर्बिणीला डोळा लावायचा, दुसऱ्याने लिहायचे. मोबाइलवरून आवाज लावून पक्ष्याला बोलवायचे नाही.

श्रमदानाला दीडशे लोक येतात, अवजारे तीसच. बाकीचे उभे राहतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. (वाई)

अवजारे वाढवू नका, तुकड्या करा. खोदाईच्या कामात तिघांना एक टिकाव, एक फावडे, एक घमेले. दहा मिनिटांनी पाळी बदलायची. ३० अवजारांत ३० माणसांच्या दहा तुकड्या होतात, आणि टिकाववाल्यांत किमान सहा हातांचे अंतर राहते. गर्दीत टिकाव चालवणे हा श्रमदानातला सगळ्यात मोठा धोका. उरलेल्या १२० पैकी ३० दुसऱ्या पाळीला बोलवा, एका तासाने. बाकीच्यांना अवजार न लागणारी कामे द्या: दगड हातोहात देणारी साखळी, पाला गोळा करून आच्छादन, पाण्याचे कॅन, जुन्या रोपांची मोजदाद.

दांडे आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवा, नाहीतर वाळलेल्या दांड्यावरून टिकाव निसटतो. सोबत मलमपट्टी, मीठ-साखरेचे पाणी आणि सर्पदंशावरचे प्रतिविष असलेल्या जवळच्या दवाखान्याचा नंबर. दगड उचलताना आधी टिकावाने उलटवा, बोटे खाली घालू नका. विंचू तिथेच असतो. कामाचा वेळ दोन तास, उन्हाळ्यात नऊच्या आत संपवा. आणि पोह्यांच्या बश्या वाटण्याआधी अवजारे मोजून आत घ्या. पोह्यांनंतर मोजली की दोन घमेली नेहमी कमी भरतात.